तान्हीचा दगड

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१२ जानेवारी २०२५

प्रिय वैजू,

जय भीम.

मीरा रोडहून नवघरला शेअर रिक्षाने वीस मिनिटं लागतात आणि मी पोस्टाने पत्र पाठवतोय, हे बघून तू हसशील नाहीतर फाडशील. पण फोन तू उचलत नाहीस आणि दारात आलो तर उघडणार नाहीस. सुभाषरावांना नमस्कार सांग. तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेत, जिभेला मात्र काही झालेलं नाही.

आमच्या नेहाच्या जात पडताळणीसाठी जुने कागद हवे होते, म्हणून गेल्या महिन्यात दापोलीकडे, आपल्या गावी गेलो. शाळेच्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं. काम तिथेच झालं होतं, पण रिटायर माणसाला उद्योग हवा. म्हटलं, त्याच्या मागचं कोण ते बघू. भावकीतल्या विमलाबाई नव्वदीच्या आहेत. काठी टेकत त्या मला जुन्या मसणवटीत घेऊन गेल्या. करवंदीच्या जाळीमागे गुडघाभर उंचीचा दगड होता.

"तुमचाच हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "तुज्या आज्याची आज्जी हितं दिवा लावायची म्हणं."

अक्षरांत शेवाळ भरलं होतं. करवंटीने खरवडलं तेव्हा वाचता आलं:

'कोंडिराम हवालदार याची तान्ही मुलगी. वय दिवस नऊ. सन १८८७. तिची आई दुर्गा हीस ठिकाण ठाऊक असावे.'

खापरपणजोबा पलटणीत होता एवढं अण्णा सांगायचे. लिहायला तो तिथेच शिकला असणार. खापरपणजीचं नाव मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. नऊ दिवसांच्या पोरीमुळे ते कळलं. मी तिथेच खाली बसलो. विमलाबाईंना वाटलं, मला चक्कर आली.

तान्हं मूल गेलं की पुरुषांनी पुरून यायचं आणि आईला जागा दाखवायची नाही, ही आपली रीत. आई तिथे जात राहते, दूध आटत नाही, म्हणे. कोंडिरामालाही त्याच्या बापाने हेच बजावलं असेल. त्याने ऐकलं नाही, उलट दगडावर कोरून ठेवलं.

मी ऐकलं.

अठरा वर्षांपूर्वी तुझी अकरा दिवसांची पोर गेली, तेव्हा मी काय सांगितलं ते तुला पाठ असेल. पाऊस होता, चिखल होता, जागा आठवत नाही. तू माझा शर्ट धरून विचारत होतीस, "दादा, संजनाला कुठं ठेवलंस?" मी म्हणालो, "बारसं तरी झालं होतं का? नाव कसलं घेतेस?" जागा लपवायला अण्णांनी सांगितलं होतं, पण हे वाक्य माझं होतं. अण्णा आता नाहीत आणि असते तरी ते त्यांच्यावर ढकलता आलं नसतं.

वैजू, जागा मला आठवते. सुभाषराव गावाहून पोचले नव्हते, म्हणून मी आणि अण्णाच गेलो. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती, तू दिलेल्या पिवळ्या टॉवेलात. मीरा रोडच्या स्मशानाच्या मागच्या अंगाला चिंच आहे. तिथून भिंतीकडे सात पावलं. खड्डा मीच खणला. खूण राहू नये म्हणून साधा धोंडाही ठेवला नाही.

आणखी एक लिहायचं आहे. दहा वर्षांपूर्वी तिथे भराव पडला. डंपर रिकामे होत होते आणि मी समोर उभा राहून बघत होतो. त्या सकाळी तुला कळवलं असतं, तर भरावाच्या आधी तू एकदा तिच्यापाशी बसली असतीस. मी घरी आलो आणि जेवलो. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, गाड्या लागतात. चिंच तेवढी उरली आहे.

माफी मागत नाही, ती देण्यासारखी गोष्ट नाही. पण ठिकाण तुला ठाऊक असावं.

येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी नऊला मी चिंचेखाली थांबतो. नाही आलीस तर पुढच्या रविवारी थांबेन, त्याच्या पुढच्याही. आलीस तर माझ्याशी बोलायची गरज नाही. मी सात पावलं चालून दाखवेन आणि निघून जाईन.

संजनाचा मामा,
आत्माराम