मायक्रोफोनला परवानगी नाही

३ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षा माझ्याकडे. कोणी दिली नाही, मी घेतली. काल पडद्यावर चौकट आली, ‘या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?’ आणि हिने न वाचता ‘हो’ दाबलं. का, म्हणून विचारलं, तर म्हणे तसं म्हटल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या सहीशिवाय एक वॉशर बाहेर गेला नाही. आणि माझ्याच घरात हा कारभार.
निर्धार: प्रत्येक चौकट शेवटपर्यंत वाचायची. संशय आला तर ‘नाही’. संशय नाही आला तरी आधी ‘नाही’.

३ मार्च, दुपारी
तासाभरात नऊ चौकटी. नऊ वेळा ‘नाही’. कॉम्प्युटर आता वेळ चुकीची दाखवतोय. चालेल. भिंतीवर घड्याळ आहे.

४ मार्च
मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. म्हणाली, बाबा, काही चौकटींना ‘हो’ म्हणावंच लागतं. कोणत्या, असं विचारल्यावर तिच्याकडे पेशंट आला. म्हणजे तिलाही माहीत नाही.
संध्याकाळी दोन खाती केली. माझं ॲडमिनिस्ट्रेटरचं, हिचं साधं. आता हिला काहीही बदलायचं तर माझा पासवर्ड लागेल. हिला समजावून सांगितलं. ही भाजी चिरत होती. ‘बरं’ म्हणाली. हिचं ‘बरं’ मी होकार धरतो. लग्न झाल्यापासून धरत आलोय.

५ मार्च
शाळेतून रिटायर झाल्यापासून ही अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आवाज चांगला आहे (तसं तिला सांगितलेलं नाही). सध्या कायद्याचं जाडजूड पुस्तक चालू आहे. बारा प्रकरणांपैकी नऊ वाचून, लायब्ररीला पाठवून झाली. कॉलेजातल्या एका मुलीची त्यावर सतरा तारखेला परीक्षा आहे.
आज हिने सहा वेळा हाक मारली. एकदा प्रिंटरला परवानगी हवी होती, एकदा हेडफोनला, बाकी कशाकशाला. दोनदा तर आंघोळीतून उठून आलो. ओल्या बोटांनी पासवर्ड चुकतो. हिने माझ्या पायाखालचं पाणी पुसलं. जबाबदारीचं काम म्हटलं की धावपळ आलीच.

७ मार्च, सकाळी
बसवत नाही. पेपर उघडला, मिटला. गॅलरीत गेलो, आत आलो. ‘टिंग’ ऐकू आलं म्हणून धावलो, तर कॉम्प्युटर बंद. खालच्या मजल्यावरची लिफ्ट होती.
पासवर्ड अठरा अक्षरांचा केला. कागदावर लिहून अशा जागी ठेवला की कोणाला सापडणार नाही.

७ मार्च, दुपारी
पेपरात वाचलं की मायक्रोफोनमधून आपलं बोलणं कोणीही ऐकू शकतं. आमच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काय आहे, हा मुद्दा वेगळा. सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोन बंद केला. ‘सर्व वापरकर्त्यांसाठी बंद करायचा का?’ असं विचारलं. या आठवड्यात पहिल्यांदा ‘हो’ दाबलं. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार
वाईट दिवस. चूक कोणाची हे अजून ठरायचंय.
हिने दहावं प्रकरण वाचायला घेतलं. खिडक्या बंद, पंखा बंद. मी बाहेर पहारा दिला, कुरिअरवाल्याला खुणेनेच परत पाठवलं. दोन तास चाळीस मिनिटांनी ही घामाघूम होऊन बाहेर आली, उभ्यानेच पाणी प्यायली आणि रेकॉर्डिंग ऐकायला बसली. आवाज नाही. पडद्यावर नुसती सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मायक्रोफोन बंद असल्याची सूचना कोपऱ्यात होती म्हणे, बारीक अक्षरांत. हिचं लक्ष पुस्तकात.
ती रेघेकडे बघत बसली. मग विचारलं, “तुम्ही काही केलंय का?”
तपासावं लागेल, असं मी म्हणालो. तपासायला पासवर्ड लागतो.

९ मार्च, संध्याकाळी
कागद सापडत नाही. कपाट, गादीखाली, चष्म्याची घरं, जुन्या पावत्या, पिठाचा डबा, सगळं पाहिलं. एका अर्थी जागा उत्तम निवडली होती. आठवेल तसा पासवर्ड टाकला. पाच वेळा चुकल्यावर कॉम्प्युटरने मलाच बाहेर काढलं.

११ मार्च
दुरुस्तीवाला आला. पासवर्ड विसरलेल्यांसाठी ओळखीचे प्रश्न असतात. लहानपणीचा जवळचा मित्र कोण? मी सुरक्षेसाठी मुद्दाम खोटं उत्तर दिलं होतं. कोणतं, ते आठवेना. शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं घालून पाहिली, ज्यांच्याशी मारामाऱ्या झाल्या त्यांचीही. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल म्हणाला. आठवडा लागेल. कॉम्प्युटरचा डबा काखोटीला मारून घेऊन गेला.
टेबलावर धुळीचा चौकोन राहिलाय.

१२ मार्च
कायदेवाल्या मुलीचा फोन आला. काकू, दहावं प्रकरण कधी मिळेल, परीक्षेत त्यावर हमखास विचारतात, असं म्हणत होती. घाबरलेली होती. आवाज बाहेरपर्यंत येत होता. आता माझं नाव निघणार म्हणून मी गॅलरीत जायला उठलो.
ही म्हणाली, “कॉम्प्युटर बिघडलाय गं. माझाच गोंधळ झाला. तू फोन स्पीकरवर ठेव, मी वाचते.”
मी गॅलरीत गेलोच नाही. बसलोही नाही.
हिचा फोन बटणांचा. म्हणून माझा देऊ केला, त्यात रेकॉर्डिंग होतं. पण त्यातल्या रेकॉर्डरलाही मी मागेच ‘नाही’ म्हटलंय. ते परत ‘हो’ कसं करतात, ते अर्धा तास शोधलं. ही तोवर दोन पानं वाचून मोकळी झाली होती.

१४ मार्च
तिसरा दिवस. सकाळी तीन तास, दुपारी दोन तास. ती मुलगी मध्येच थांबवते, ही तेच वाक्य पुन्हा वाचते. एक परिच्छेद चार वेळा वाचला. चौथ्या वेळीही पहिल्यासारखाच. मी बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो. दहावं प्रकरण पुराव्यांबद्दल आहे. आरोपीने स्वतःहून कबुली दिली तर ती कशी धरतात, हे सविस्तर आहे.
निर्धार: उद्या सांगायचं.

१५ मार्च
सकाळी सांगणार होतो, पण ती वाचत होती. दुपारी जेवत होती. संध्याकाळी बारावं प्रकरण संपलं. हिचा आवाज पार बसलाय, नुसती हवा येते. मी पाणी गरम करून नेलं. म्हणालो, मायक्रोफोनचं जे झालं, त्यात थोडाफार माझाही हात असावा.
“माहीत आहे,” ती कुजबुजली. “पंखा लावा आता.”
लावला.

१७ मार्च
पेपर चांगला गेला म्हणून कायदेवाल्या मुलीचा फोन आला. दहाव्या प्रकरणावर दोन प्रश्न होते. हिला बोलता येईना, म्हणून मी बोललो. “काका, काकूंना सांभाळा हं,” म्हणाली. हो म्हणालो. विचार न करता.

२१ मार्च
लायब्ररीने हिला लॅपटॉप पाठवला. खास रेकॉर्डिंगसाठी. त्याची सुरक्षा बघायला मी तयार आहे असं हिला सुचवलं. ‘नको’ म्हणाली. पण मला पत्ते खेळायला त्यावर वेगळं खातं करून दिलं. खातं मोठ्या माणसाचं की लहान मुलाचं, असं त्यात विचारतात. हिने थोडा विचार केला आणि ‘लहान मुलाचं’ निवडलं. ठीकच आहे. मुलांच्या खात्याला सगळ्यात कडक संरक्षण असतं. हिला माझी काळजी आहे.
संध्याकाळी पाच ते सहा, रोज एक तास.

२१ मार्च, सायंकाळी ६.०५
डाव अगदी रंगात होता. पडदा काळा झाला. आजची वेळ संपली, वाढवून हवी असल्यास घरातल्या मोठ्यांना विचारा, असं लिहून आलं.
मोठी माणसं बाजारात गेली आहेत. दारात खुर्ची टाकून बसलोय.