चहाच्या वेळची थट्टा

पाथर्डी फाटा, नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप हिरामणदादास,
धाकट्या ललिताचा नमस्कार. आईचा खोकला उतरला असेल. इकडे थंडी कमी झाली. यांना दवाखान्यातून खोलीवर आणलं. बरे आहेत.

बरे म्हणजे भिंतीला टेकवलं तर बसतात. कमरेखाली चिमटा घेतला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, पायांची आशा धरू नका.

काल आपला चुलतभाऊ दत्तू पेठहून भेटायला आला. त्याने यांच्यासमोरच विचारलं, "दाजींनी त्या दिशी लय घेतली व्हती का? हिरामणदादा बाजारात सांगत व्हता." यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दादा, माझ्या नवऱ्याने कधी थेंब घेतला नाही. माझ्या लग्नात तू स्वतः आग्रह केलास, तेव्हाही नाही. मग कोणत्या तोंडाने बोललास?

तुम्ही गवंडी चहाला बसलात की काय बोलता, ते मी घमेली वाहताना रोज ऐकायचे. साइटवर सेफ्टी बेल्ट आले तेव्हा यांनी एकट्याने बांधला. तू ओरडलास, "बघा रे, आमच्या गोटीरामची नवरी झाली! कंबरपट्टा बघा!" सगळे खिदळले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी यांनी बेल्ट खिळ्याला अडकवला तो कायमचाच.

यादव गवंडी म्हणाला होता, तिसऱ्या मजल्यावर बांबूच्या परांचीची उभं राहायची फळी हलते. तू म्हणालास, "फळी नाय, तुझे पाय लटपटतात. जा, बायांमध्ये वाळू चाळ." त्यानंतर फळीचं नाव कुणी काढलं नाही. सुपरवायझरकडे जाणार कोण?

तीच फळी सुटली. हे माझ्यासमोर खाली आले.

तू मुकादम. भिंतीवरची सूचनांची पाटी कुणी वाचत नाही, तुझं बोलणं सगळे पाळतात. एवढी ताकद होती तुझ्या जिभेत, आणि ती तू हसवण्यात घालवलीस. हे पडल्यावर तर तू गावी निघून गेलास आणि तिथे दारूचं नाव पुढे केलंस.

यांनी मला शपथ घातली होती, "दादाचं नाव घेऊ नको. तुझा सख्खा भाऊ हाय." मी शपथ मोडली. गेल्या सोमवारी साइटवर कंपनीची माणसं चौकशीला आली. बेल्ट का नव्हता, विचारलं तर सगळे गडी माना खाली घालून उभे. मी घमेलं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. मग यादव बोलला. मग आणखी दोघे. तुला इथली मुकादमी पुन्हा मिळणार नाही. कंपनीचा फोन येईलच, पण कुणी सांगितलं ते माझ्याकडूनच कळावं.

आज चहाला एकाने बेल्ट बांधलेल्या गड्याला पुन्हा "नवरी" म्हटलं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चल माझ्या खोलीवर, नवरदेव दाखवते." कुणी हसलं नाही.

दादा, ज्या बाजारात बोललास, तिथेच त्याच माणसांपुढे खरं सांग. मग ये. तोवर माझा उंबरा ओलांडू नकोस, आणि आईला मधे घालू नकोस. तिला मी फोनवर सगळं सांगितलंय. ती रडली, पण मला चूप बस म्हणाली नाही.

बहीण म्हणायचं की नाही, ते तू ठरव.
गोटीरामची बायको,
ललिता