अर्थिंगची तार

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७. चिंचवड.

शनिवारी इथे लिहिले की व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या तारा मी शेवटपर्यंत एकमेकींभोवती पिळून घेतल्या आहेत. ते खरे नाही. आज दादाच्या गिटारसाठी मी जोडलेल्या अँप्लिफायरचा तळाचा पत्रा काढून पाहिले. पहिल्या व्हॉल्व्हपाशी चार बोटे तारा सरळच राहिल्या आहेत. आणि मी त्याला छातीठोकपणे सांगितले होते, "माझ्या जोडणीत दोष नाही, हा घूं आवाज तुझ्या गिटारमधूनच येतो."

तारा पिळल्या. घूं निम्मी झाली. चूक दादाला सांगितली. म्हणाला, "म्हणजे आठ दिवस तू मला खोटं पाडत होतीस." तसे नव्हते.

बुधवार, ९.

फिल्टरचा कंडेन्सर बदलला. फरक नाही. पहिला व्हॉल्व्ह उपसला की घूं बंद. म्हणजे ती सुरुवातीलाच शिरते. पण कुठून...

संध्याकाळी दादाच्या कंपनीतला बाळू आला. "आरं राव, ही गिटार हाय का पिठाची गिरण?" दादा हसला नाही. त्याच्यादेखत मला म्हणाला, "आप्पांनी तुला शाळेऐवजी हे शिकवलं तेच चुकलं. पोळ्या तरी गोल आल्या असत्या." आता बाळू हसला. आईसुद्धा. आतून ऐकू आले.

शुक्रवार, ११.

पवना नदीवरून धुणे घेऊन आले तो घरात शेजारीपाजारी जमलेले. दादाच्या हातात पक्कड. अँप्लिफायरची जमिनीत जाणारी अर्थिंगची तार तोडली होती. घूं बंद!

"बघा. एक तार तोडली, झालं. बाईसाहेब पंधरा दिवस डाख घालत बसल्या होत्या."

म्हटले, अर्थिंग काढायचे नसते. दादा म्हणाला, "आप्पा, हिला आवरा."

आप्पा डेपोत रेडिओ मेकॅनिक होते. मी नऊ वर्षांची असताना त्यांनीच पहिला धडा दिला: अर्थिंग आधी जोडायचे, शेवटी काढायचे. आज त्यांनी वर्तमानपत्र उलटले.

रविवार, १३.

दादा पाटावर बसून वाजवत होता. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात तारांवर सरकवायची पोलादी कांब, उजव्या बोटांत पत्र्याच्या नख्या. दोनदा हात झटकला.

"मुंग्या येतात?"

"थंडी आहे." ऑक्टोबरात!

तो आंघोळीला गेल्यावर गिटारच्या तारेला टेस्टर लावला. दिवा लागला. मंद, पण लागला.

जुन्या बाजारातल्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज पत्र्यावर आणि तिथून गिटारच्या तारांवर झिरपते आहे. अर्थिंगची तार मी गिटारच्या सॉकेटपाशी जोडली होती. झिरपलेली वीज तिथूनच जमिनीत जाई आणि आवाजात मिसळे. तीच घूं. आता तार नाही, म्हणून घूं नाही. पण ती वीज दादाच्या हातातून जाईल. जागा मी चुकीची निवडली, हे माझे. तार ट्रान्सफॉर्मरपाशी जोडायची, दहा मिनिटांचे काम.

सोमवार, १४.

सगळे सांगितले, जागा चुकली तेही. टेस्टर लावून दाखवते म्हटले. त्याने अँप्लिफायर ट्रंकेत घालून कुलूप लावले, किल्ली जानव्याला. "पुन्हा हात लावलास तर तुझी सगळी हत्यारं पवनेत."

आप्पांकडे गेले. "थोरला आहे तो. आता घर तो चालवतो." मग हळूच, "मुंग्याच ना? मुंग्यांनी कोणी मरत नाही."

हे आप्पा म्हणाले. ज्यांनी मला

बुधवार, १६.

कंपनीच्या कामगारांचा कार्यक्रम रविवारी, वीस तारखेला, मैदानावर. दादा त्यात वाजवणार. बाळू आईला कौतुकाने सांगत होता, "काकू, धूळ उडू नये म्हणून मैदानात दोनदा पाणी मारणार हायेत. स्टेज न्हाई, जमिनीवरच बैठक, निस्त्या सतरंज्या." सतरंज्या भिजणार. दादा वाद्यापुढे वहाणा घालून कधीच बसत नाही. घरी खाली लाकडी पाट असतो, म्हणून नुसत्या मुंग्या. तिथे...

जेवताना त्याला हे सांगितले. ताट सरकवून उठला. "माझं नाव झालेलं तुला बघवत नाही."

खरे तेच लिहायचे, म्हणून लिहिते. क्षणभर वाटले, बसू दे झटका, सगळ्यांच्या देखत.

गुरुवार, १७.

आई म्हणते, "तुझ्या तोंडून नेहमी अशुभच." माझ्याशी बोलणे टाकले आहे. दादाने तर सोमवारपासून माझ्या हातचे पाणीही घेतलेले नाही.

बाळूला गाठून सांगितले. म्हणाला, "ताई, तुमच्या घरातलं भांडान हाय, मला नगा त्यात ओढू."

उद्या तालमीसाठी दादाची रजा, तो ट्रंकेपासून हलणार नाही. शनिवारी पहिली पाळी. सहाला निघतो.

ट्रंकेचा कोयंडा उचकटायचा आणि तार बसवायची. चोरून नाही. तो सायकल काढत असेल तेव्हा दारात उभे राहून आधी त्याला सांगायचे. मग तो कामावर गेला नाही तर... हात उचलला तर...

तरी सांगणार. शनिवार, १९ ऑक्टोबर. सकाळी सहाला.