शेरडाला सुट्टी न्हाई

अण्णा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आपण मामाकडची दिवाळी आटोपून कळमनुरीहून परतलो होतो. लाडवांनी तुमची साखर वाढलेली, आणि तुम्ही बाजेवर आडवे. आई ओरडली, "सुट्टी तुमाला हाय, शेरडाला न्हाई! दाव्यातून सुटून पळून राहिलं बघा!" तुम्ही ओढ्यापर्यंत त्याच्यामागं गेलात.

दर सुट्टीनंतर दावं तीच सोडायची, अण्णा. पथ्याचा शब्दही न काढता तुम्हाला चालवायची. काय बाई होती!

महिना झाला, तुम्ही बाजेवरच आहात. तिची युक्ती मला जमणार नाही. शेरडं घेऊन मी पुढं जाते. भाकरी झाकलीय, खाऊन या. कधी बोलले नाही, आज सांगते: मला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हवे आहात.

सुकन्या