खडीचा थर

प्रिय सुकन्या,

रविवारी फोनवर तुला सल्ला दिला आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहितो आहे. तू विचारलंस त्यात अवघड काही नव्हतं. समुद्रातल्या तुमच्या पवनचक्कीच्या खांबाभोवती टाकलेले दगड वाळूत खचत चाललेत, पायथ्यातून निघणारी विजेची केबल उघडी पडून अधांतरी लोंबते आहे, आणि तरी पायथा भक्कम असल्याच्या अहवालावर तू सही करावीस असं साहेब म्हणतो. तुझी सही झाली की गुरुवारी पाणबुडे त्या केबलपाशी उतरणार. मी म्हणालो, परक्या देशात आहेस, साहेबाशी वाकडं घेऊ नकोस. ज्याने चाळीस वर्षं माईक धरून सत्तेला जाब विचारला, त्याच्या तोंडून तू हे ऐकलंस. मग जेवलात का, एवढंच विचारलंस.

इकडे आई बरी आहे. शेजारच्या अश्विनीच्या दोन्ही शेळ्या व्याल्या. गावच्या बंधाऱ्यात अजून पाणी आहे म्हणतात. मी तिकडून जात नाही. पारनेरच्या बाजारालाही मळ्याच्या वाटेने वळसा घालून जातो. मागे तू कारण विचारलं होतंस, तेव्हा बंधाऱ्याचा चढ गुडघ्यांना सोसत नाही, असं मी सांगितलं.

तो बंधारा झाला तेव्हा तू अकरावीत होतीस. भिंतीच्या पायथ्याची माती पाण्याने ओढून नेऊ नये म्हणून पुढे दगड अंथरायचे होते. मी श्रमदानात प्रथाच पाडली : प्रत्येक घराने एक दगड आणायचा आणि मी माईकवरून त्या घराचं नाव पुकारायचं. मग चढाओढ लागली. आबासाहेबांनी बैलगाडीत मावेना असा धोंडा आणला, तर त्यांच्या भावकीने त्याहून मोठा. विहिरी बांधण्यात हयात घालवलेले रखमाजी तेवढे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, आदी खाली बारीक खडी हातरा. न्हाईतर पानी फटीतून माती वडून न्हेईल, आन् धोंडे खाली बसतील."

खडीची पाटी आणणाऱ्याचं नाव पुकारायचं कसं? मी माईकवरूनच म्हणालो, रखमाजी, तुमचंही नाव घेतो, एक धोंडा तर आणा. लोक हसले. तेही हसले आणि रिकाम्या हाताने घरी गेले. तुमच्या खांबाखालीही हाच थर घाईत गाळला, हे तू सांगितलंस ना, तिथे मी विषय बदलला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात धोंडे खचले. रखमाजींनी मला नेऊन दाखवलं. भिंतीखाली त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. आठ दिवसांवर तपासणी पथक येणार होतं, गावाला पुरस्कार मिळायचा होता. मी म्हणालो, पथक जाऊ द्या, मग बघू, तोवर कुणाजवळ बोलू नका. ते बोलले नाहीत. एकटेच पाट्या भरून त्या पोकळीत खडी ढकलत राहिले. चौथ्या दिवशी धोंडे त्यांच्या अंगावर आले.

शोकसभेत मी म्हणालो, पाण्याने आपला माणूस नेला. सारा गाव रडला. ते भाषण तू पाठ केलंस, नगरच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हटलंस आणि ढाल आणलीस. पुढच्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. रखमाजींचा मुलगा सचिन आजही मला वाकून नमस्कार करतो.

रखमाजी माझ्या गप्प बसण्याने गेले, सुकन्या. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. रविवारचा सल्ला मी मागे घेतो. सही करू नकोस. जे पाहिलंस ते लिही आणि स्वतः नेऊन त्या पाणबुड्यांच्या हातात दे. कुणी अडवलं तर चारचौघांत सांग. नोकरी गेली तर घरी ये. टपालाने हे गुरुवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो पाठवतो आहे. फोटो गेले की हीच पानं घेऊन सचिनकडे निघतो. त्याला वाचून दाखवणं माझ्याच्याने होणार नाही. त्याच्या हातात देईन आणि तो वाचून होईपर्यंत समोर उभा राहीन.

तुझाच,
आप्पा