मुखपृष्ठावरचा हात

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की आमच्या विद्यार्थी संगीत मासिकाचं मुखपृष्ठ छापखान्यात चुकीचं कापलं गेलं आणि त्यात बाबांचा चेहरा गेला. ते खोटं आहे. छापखान्यात काहीच चुकलं नाही. बाबांचा चेहरा मी कापला, माझ्या कॉम्प्युटरवर, चांगली शुद्धीत असताना. आणि त्यापायी तिथल्या कटिंगवाल्या काकांना मालकाने घरी बसवलंय, हे तर मी तुला लिहिलंच नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. बाईंनी काम दिलं होतं ते असं, की संगीत मासिकांच्या ठरलेल्या पद्धती काही पाळायच्या, काही मोडायच्या आणि का मोडल्या ते पान दोनवर आपल्या शब्दांत छापायचं. मी वीसेक मासिकं पुढ्यात घेऊन बसले. सगळ्यांवर तेच. वर ठसठशीत नाव, कडेला मथळे, मधोमध गाणारा नाहीतर गाणारी, आणि नजर थेट वाचकाच्या डोळ्यांत. साथीदार एकावरही नाही. म्हटलं, आपल्या घरात तीस वर्षं व्हायोलिनची साथ करणारा माणूस बसलाय, त्यालाच घेऊ. नाव आणि मथळे रीतसर ठेवले, मध्ये बाबा. फोटो काढताना "इकडे बघा, बाबा" म्हणून मी थकले. त्यांची मान आपोआप गाणारीच्या बाजूला वळायची. तिथे नुसती भिंत होती. शेवटी तसाच फोटो घेतला आणि ते बघतात ती बाजू कोरी सोडली. बाईंना इतकं आवडलं, की वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले.

मग छपाईच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गातली गाणारी आली. तिला सगळे राणीसरकार म्हणतात. नमुना बघून म्हणाली, "अगं, हे आजोबा कोण? पेन्शनरांचं मासिक काढताय का?" सगळे हसले. मीही हसले, ताई. ते माझे वडील आहेत, एवढं साधं वाक्य मला म्हणता आलं नाही. जाता जाता ती म्हणाली, "हात मात्र मस्त आहे हं." सगळे गेल्यावर मी फोटो जरासा सरकवला, नुसता बघायला. मग आणखी जरा. असं जरा जरा करत चेहरा पानाबाहेर गेला आणि कडेला उरला व्हायोलिनचा गज धरलेला हात. खोटं कशाला बोलू, दिसायला ते जास्त देखणं होतं. बाईंना न विचारता तीच फाइल छापखान्यात पाठवली. विसरले ते पान दोन. तिथे माझंच वाक्य तसंच राहिलं, की या माणसाचे डोळे बघा, ते तुमच्याकडे बघत नाहीत.

प्रकाशनाला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाईंनी मुखपृष्ठ बघितलं, पान दोन वाचलं, माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "कटिंगला गेलं असणार. पोरीचा काय दोष?" मी मान हलवली. कटिंगवाल्या काकांची नजर आताशा अधू झालीय, त्यामुळे तिथे आलेल्या छापखान्याच्या मालकालाही ते लगेच पटलं. फाइल उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही.

बाबांना कळलं नसेल असं तुला वाटतं? जन्मभर कार्यक्रमांच्या जाहिराती छापून घेतलेला माणूस. कटिंगमध्ये अख्खा चेहरा जात नाही, हे त्यांना माहीत आहे. लहानपणी आपल्या दोघींना समोर बसवून त्यांनी हेच शिकवलं होतं, की गाणारी चुकली तर आपला सूर तिच्याकडे न्यायचा, लोकांना कळता कामा नये. माझ्याशीही ते तसंच वागले. मला त्यांचे उपकार वाटायला हवेत. मला राग येतो. दुसऱ्यांच्या चुका गिळून त्यांना काय मिळालं? त्या दिवशी घरी येताना रिकाम्या रस्त्यावर एवढंच म्हणाले, "विषय वाढवू नकोस."

हे तुला आज लिहितेय, कारण ते तुला फोन करून माझी समजूत घालायला सांगतील, आणि तू घालशील. आपण दोघी त्यांच्याच मुली. घालू नकोस. मी मूळ फाइल आणि पाठवलेली फाइल, दोन्ही घेऊन आधी बाईंकडे आणि तिथून छापखान्याच्या मालकाकडे जाणार आहे. गुण जातील, जाऊ देत. पण चारचौघांत बाबाही खोटे पडतील आणि त्या वेळी मी त्यांच्याजवळ नसेन. तू घरी ये, त्यांच्याजवळ थांबायला. सोमवारी, तेवीस तारखेला, सकाळी साडेदहाला.

तुझीच,
धाकटी