उसको पूछो

आई, आज दादाने भाजीवाल्यासमोर माझी चांगलीच जिरवली, आणि ते बघायला तू नव्हतीस.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीत आपण आलो तेव्हा निम्म्या इमारतींना रंगही लागला नव्हता. घरोघरी केबल आली, खाली नव्या कोऱ्या मारुत्या उभ्या राहिल्या, पण दादासारख्या गतिमंद मुलांना आतल्या खोलीत ठेवायची पद्धत मात्र जुनीच. तो वीस वर्षांचा, समोर उभा, आणि दुकानदार तुला विचारणार, "इसको क्या चाहिए?" तू तुझ्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणायचीस, "उसको पूछो." दादाला शब्द जुळवायला वेळ लागायचा, मागची रांग ताटकळायची, आणि तू ढिम्म. एकदा मीच घाईने "ब्रेड" म्हणाले, तर घरापर्यंत बोलली नाहीस. मग पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "आज त्याच्या जागी तू बोललीस. मी गेल्यावर त्याला कोण विचारणार?"

पुढे दर शनिवारी तू अशा मुलांना आणि त्यांच्या आयांना सोसायटीच्या हॉलमध्ये जमवू लागलीस. येणाऱ्याजाणाऱ्यांना कसं दिसतं, अशी कुरकुर झाली. सभेत सगळ्यांना वाटलं, तू भांडणार. तू दादाला पुढच्या खुर्चीत बसवलंस आणि हॉल कशाला हवा ते त्यालाच सांगायला लावलंस. लोक घड्याळं बघू लागले तेव्हा कुठे तो म्हणाला, "घर में कोई दोस्त नहीं आता." हॉल मिळाला. अजूनही शनिवारी तोच कुलूप उघडतो.

तू गेल्यावर नातेवाइकांनी ठरवलं, दादाने माझ्या गुडगावच्या फ्लॅटवर राहायचं. मलाही ते सोयीचं होतं. सामान बांधून झाल्यावर तुझी आठवण आली म्हणून मी त्याला विचारलं. बराच वेळ गेला. "इथे सगळे मला ओळखतात," तो म्हणाला. मग मीच इकडे आले. लोक मला त्यागमूर्ती समजतात, मीही समजू देते.

आज मी भाजीच्या गाडीपुढे नुसतीच उभी होते. का कोण जाणे, सकाळपासून काही सुचत नव्हतं. भाजीवाल्याने दादाला विचारलं, "दीदी को क्या चाहिए?" दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी तुझ्या हिंदीत म्हणाला, "उसको पूछो." मग दोघंही थांबले. कुणी घाई केली नाही.

मी मेथी घेऊन आले. हे पत्र तुला पोचायचं नाही, तर खरं सांगून टाकते. मेथी नको होती गं. तू हवी होतीस.